उगारलेला हात

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माझं पहिलं पुस्तक छापून आलं. तेही काय, तर बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली, उडणाऱ्या माणसांची कादंबरी. मंदिरात बायकांना सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “पाककृतींचं आहे काय हो?” दुसरी म्हणाली, “भजनांचं असेल.” त्यांची चूक नव्हती. आमच्या वयाच्या, आमच्या घरातल्या बाईनं पुस्तक काढलं तर ते या दोहोंपैकी एक असणार, असं मलाही वाटलं असतं.

या पुस्तकाची मूळ गोष्ट मात्र जुनी आहे. २००८ साली माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. उशीएवढी जाड इंग्रजी पुस्तकं आणायचा आणि जेवताना ताटाशेजारी उघडी ठेवायचा. जादूच्या शाळा, ड्रॅगन, कपाटातून दुसऱ्या जगात जाणारी मुलं. एकदा त्यानं विचारलं, “आई, आपल्यात असं काही नसतं काय गं?” मी म्हटलं, “असतं की, पंचतंत्र.” तो हसला. त्या हसण्यात अपमान नव्हता, खरं मला तो लागला. मी बी.ए. झालेली बाई. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ रात्री चिमणीच्या उजेडात वाचणारी, फास्टर फेणेच्या मागे धावणारी. मला एवढंच उत्तर सुचावं?

उत्तर बारा वर्षांनी सुचलं. २०२० च्या टाळेबंदीत आमचं भांड्यांचं दुकान बंद होतं आणि जाऊबाईंची नात आमच्याकडे अडकली होती. सातवीतली पोर. दिवसभर मोबाईलवर शाळा, संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवण, आणि मग रात्र मोठीच्या मोठी. “धाकट्या आज्जी, गोष्ट सांग. खरं राजा-राणीची नको.” मग मी तिला माझ्या आज्जांनी सांगितलेली विद्याधरांची गोष्ट सांगायला लागले.

आपल्याकडे हे सगळं आहेच की! विजयार्ध पर्वताच्या दक्षिणेच्या रांगेत ५० आणि उत्तरेच्या रांगेत ६०, अशी विद्याधरांची ११० नगरं. तिथली माणसं देव नाहीत, माणसंच. विद्या साधून आकाशातून जातात, रूप पालटतात. विमलसूरींचं ‘पउमचरियं’ तर महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आज्जीच्या भाषेत. त्यात रावणाला दहा तोंडं नाहीत. त्याच्या गळ्यातल्या हाराच्या रत्नांत नऊ तोंडं दिसायची म्हणून तो दशमुख. वानर म्हणजे माकडं नव्हेत, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेले विद्याधर. हे ऐकून पोर ताडकन उठून बसली. “म्हणजे हनुमान उडायचा ते विद्येनं?” त्या रात्री ती बाराला झोपली.

मग ती रोज नवं मागायला लागली आणि माझा साठा संपला. संपल्यावर मी रचायला लागले. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी आहे, रट्टांच्या काळातली, १२०४ सालची. आत छताला दगडाचं उलटं कमळ लटकतं. त्याच्या ७२ पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर, असं लहानपणापासून ऐकलंय. माझी सुमी नावाची मुलगी त्या कमळाकडे मान वर करून बघता बघता पाकळ्या मोजते, तिला ७३ भरतात, आणि ती वर ओढली जाते. पुढचं रोज रात्री सुचेल तसं.

पोर जूनमध्ये आपल्या घरी गेली आणि फोनवरून पुढचं मागायला लागली. तेव्हा मी लिहायला बसले. दुकानातल्या रोजमेळाच्या अर्ध्या कोऱ्या वह्या होत्या. तीस वर्षांत मी लिहिलेलं म्हणजे वाणसामानाची यादी आणि महिला मंडळाचं इतिवृत्त. पहिल्याच पानावर ‘सुमीनं वर पाहिलं’ ऐवजी ‘सर्वानुमते वर पाहण्यात आलं’ असं काहीतरी उमटलं होतं, यावरून काय ते समजा. मोबाईलला सांगून टंकायचा प्रयत्नही केला. तो ‘विद्याधर’ ऐकून ‘विद्या घर’ लिहायचा. शेवटी हातानंच लिहिलं. चौदा महिन्यांत चार वह्या.

माझा खलनायक होता तागडीवाला. विद्याधरांच्या एका नगरात तो लोकांच्या आठवणीतल्या गोष्टी वजनावर विकत घेतो. गोष्ट तागडीत पडली की सांगणारा ती विसरतो. सुमीच्या आज्जीच्या सगळ्या गोष्टी त्यानं तोलून नेल्यात आणि आज्जी आता सुमीलाच ओळखत नाही. शेवटी सुमीची आणि त्याची गाठ पडते. सैन्यं समोरासमोर उभी असतात, पण लढाई होत नाही. भरत-बाहुबलींची झाली तशी तीन द्वंद्वं होतात: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. आदिपुराणातलं हे मला फार आवडतं. भांडण दोघांचं आहे, तर हजारो माणसं कशाला मारायची? सुमी जिंकते, हात उगारते, तिला बाहुबली आठवतात, ती क्षमा करते. तागडीवाला रडतो. समाप्त.

हस्तलिखित टाईप करून घेऊन तीन ठिकाणी पाठवलं. एकाचं उत्तर आलं नाही. एकानं ‘कुमारांसाठी सध्या काढत नाही’ असं कळवलं. तिसऱ्यानं फोन केला. “कल्पना चांगली आहे ताई, पण शेवट गुळमुळीत आहे. खलनायकाचा नाश करा. वाचकाला समाधान मिळत नाही.”

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. शेवट वाचताना मलाही काहीच होत नव्हतं.

एका दुपारी मी तागडीवाल्याला मारला. मारला म्हणजे काय, सुमीनं ढकलला नाही. त्याचा कड्यावरून पाय घसरला. पाप कुणालाच लागू नये अशी सोय मी केली होती. जाऊबाईंच्या नातीला फोनवर वाचून दाखवलं, तर ती ओरडली, “भारी! असाच ठेव!” पोर खूश, प्रकाशक खूश होणार. आणि मला झोप नाही. पाणी गाळून पिणारी, झाडूनच पाय टाकणारी मी, आणि कागदावर माणूस मारून बसले होते.

त्या वर्षी चातुर्मासाला गावात आर्यिका माताजी होत्या. दर्शनाला गेले तेव्हा धीर करून विचारलं, “माताजी, कथेतल्या खोट्या माणसाला मारलं तर दोष लागतो का?” बायका हसल्या. माताजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “यशोधराची कथा ठाऊक आहे ना?” एवढंच.

ठाऊक होती. आईच्या हट्टापायी यशोधर राजा जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून बळी देतो. कोंबडा खोटा, पण मारण्याचा भाव खरा. त्या एका भावापायी दोघांना जन्मामागून जन्म पशुयोनीत काढावे लागतात. माझा तागडीवाला म्हणजे पिठाचा कोंबडाच की.

घरी येऊन पाय घसरण्याचं पान फाडलं. पण गुळमुळीत शेवट तसाच्या तसा पुढ्यात होता. मग विचार करायला लागले, बाहुबलींच्या गोष्टीत तोच शेवट असून तो गुळमुळीत का नाही? २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. ५७ फुटांची ती मूर्ती, आणि तिच्या पायाशी चावुंडरायानं ती करवली हे सांगणारा मराठीतला लेख. मी पायांवरच्या वेली बघितल्या, शांत चेहरा बघितला, हात जोडले. आपण सगळे तेच बघतो. खरं त्या आधीचा क्षण कुणी बघत नाही. त्याच हातांनी त्यांनी भावाला डोक्यावर उचलून धरलं होतं. हरलेल्या भरतानं नियम मोडून चक्र सोडलं होतं. अंगात बळ होतं, मनात संताप होता, समोर अन्याय होता. तेवढं सगळं असताना हात थांबला. माझ्या सुमीला यातलं काहीच नव्हतं. ती पहिल्या पानापासून शहाणी. जिला रागच आला नाही, ती क्षमा कशाची करणार?

म्हणजे तिला राग आणायला हवा होता. मी तागडीवाला आणि सुमी यांचा प्रसंग पुन्हा लिहायला घेतला. त्यानं असं काही बोलायला हवं की सुमीचं रक्त तापावं. पेन टेकवलं आणि त्याच्या तोंडून वाक्य आलं, “लिहिलेल्याला काय भाव येतोय? कोरं असतं तर पुड्या बांधायला तरी आलं असतं.”

पेन तिथंच थांबलं. हे वाक्य मी रचलं नव्हतं. ते मी ऐकलं होतं. १९९३ साली, याच घरात.

लग्नात मी माहेराहून एका ट्रंकेत सात वह्या आणल्या होत्या. कॉलेजातल्या कविता, दोन अर्धवट कथा, प्रवासाचं टिपण. दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी त्या रद्दीत घातल्या. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा वह्या तागडीत होत्या. मी “अव्वा, त्या माझ्या...” म्हटलं आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. पावणेदोन किलो भरल्या. मी दारात उभी राहून वजनाचा काटा बघितला. पुढं एक शब्द बोलले नाही, आणि पुढची सत्तावीस वर्षं एक ओळ लिहिली नाही.

दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला मी त्यांच्या पाया पडते आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणते. मला वाटायचं, मी त्यांना केव्हाच क्षमा केली. लोकही म्हणायचे, सून किती शांत. आता कळत होतं, ती क्षमा नव्हती. नव्या सुनेची भीती होती, तिच्यावर मी धर्माचं चांगलं कापड घातलं होतं. माझा हात कधी उगारलाच गेला नव्हता, मग तो थांबवल्याचं पुण्य मला कुठून? आणि चौदा महिने मी तागडीवाल्याला रचत होते, तेव्हा मला हे एकदाही दिसलं नव्हतं!

मी सहा प्रकरणं पुन्हा लिहिली. सुमी ओरडते, खोटं बोलते, एका मैत्रिणीला संकटात सोडून तागडीवाल्याच्या मागे जाते. ती आता शहाणी राहिली नाही. शेवटचं पान मी फारसं बदललंच नाही. हात उगारला जातो आणि थांबतो. पण ते लिहिताना या वेळी माझाच हात थरथरत होता.

मुलाला वाचायला पाठवलं, तर त्यानं मला एक पुस्तक पाठवलं. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईंचं, अर्थसी नावाच्या बेटांवरच्या जादूगाराचं, १९६८ सालचं. त्यातला मुलगा जन्मभर ज्या सावलीपासून पळतो, तिला शेवटी मारत नाही. तिला स्वतःच्याच नावानं हाक मारतो. मी ते शब्दकोश मांडीवर ठेवून वाचलं. माझ्याआधी पन्नास वर्षं कुणा बाईला हे सुचलं होतं, याचं वाईट वाटलं नाही. सोबत मिळाल्यासारखं झालं.

आता छपाईचं सांगते, कारण तुमच्यापैकी कितीजणींच्या ट्रंकेत वह्या असतील ते मला माहीत आहे. प्रकाशक तयार झाले, पण ‘लेखकाचा सहभाग’ म्हणून ४५,००० रुपये मागितले. ५०० प्रती, १७६ पानं, म्हणजे अकरा फॉर्म. त्यातल्या १५० प्रती मला. हे म्हणाले, “एवढ्यात दुकानात पितळेचे हंडे येतील.” मुलानं फोनवर सांगितलं, ‘एरागॉन’ हे एवढं गाजलेलं पुस्तक, ते लिहायला घेतलं तेव्हा तो पोरगा पंधरा वर्षांचा होता, आणि २००२ साली ते आधी त्याच्या घरच्यांनीच छापलं होतं. हे गप्प बसले. पैसे मी माझ्या भाऊबिजेच्या साठ्यातून दिले, त्यामुळे पुढं कुणाला बोलता आलं नाही.

प्रुफं आली तेव्हा सुमीच्या बोलण्यातला प्रत्येक ‘खरं’ कापून ‘पण’ केलेला. आम्ही बेळगावची माणसं ‘येतो म्हणाला, खरं आला नाही’ असंच बोलतो. ते अशुद्ध नव्हे, ते आमचं आहे. निवेदनात ‘पण’ राहू दिला, सुमीच्या तोंडी एकोणचाळीस ठिकाणी ‘खरं’ परत घातला. मग मुखपृष्ठ आलं. सुंदर चित्र. कमळाखाली सुमी उभी, आणि तिच्या हातात तलवार! १७६ पानांत कुठं तलवार नाही. फोन केला, तर उत्तर आलं, “ताई, तलवार असली की पुस्तक उचललं जातं.” मी म्हटलं, “तिचा हात रिकामाच हवा. पुस्तक त्याच्यावरच आहे.” नव्या चित्राचे ३,००० वेगळे पडले. म्हणून सांगते, पैसे देण्याआधी प्रती किती, हक्क कुणाकडे, मुखपृष्ठावर तुमची संमती घेणार की नाही, हे सगळं कागदावर घ्या. आपण भाजी घेताना जेवढी चौकशी करतो तेवढी तरी करा.

पुस्तक आलं. महिला मंडळानं सत्कार केला. एका वडीलधाऱ्यांनी मात्र बाजूला घेऊन विचारलं, “पुराणात फेरफार केलास काय?” मी सांगितलं, “नाही अण्णा, पुराणाच्या अंगणात खेळले. घरात शिरले नाही.” त्यांचं समाधान झालं असं वाटत नाही. माझ्या १५० प्रतींतल्या ६२ वाटल्या गेल्या, ४० विकल्या, बाकीच्या कपाटात साड्यांच्या खाली आहेत. प्रकाशकांकडच्या प्रतींचा हिशोब अजून यायचाय.

राहिल्या अव्वा. त्या आता ८६ वर्षांच्या आहेत. पुस्तक हातात घेऊन त्यांनी माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “वाचून दाखव.” रोज दुपारी एक प्रकरण वाचायला लागले. त्या डोळे मिटून ऐकायच्या, मधेच हुंकार द्यायच्या. तागडीवाल्याचं प्रकरण जवळ आलं तसं माझ्या पोटात गोळा यायला लागला. ते गाळून पुढं जावं, असंही एकदा वाटलं. गाळलं नाही. ते वाक्य मी नेहमीच्याच आवाजात वाचलं. त्यांचा हुंकार आला नाही. प्रकरण संपलं, मी चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं, तर त्या म्हणाल्या, “थांब. त्या तुझ्या वह्या होत्या नव्हं? ट्रंकेतल्या?”

मी “हो” म्हटलं. तीस वर्षांनी माझ्या तोंडून तो ‘हो’ गेला, आणि त्यात थोडा राग होता. तो लपवला नाही.

बराच वेळ त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी कन्नड दुसरी शिकलेली. मराठी मला कुठं वाचाय येत होतं? मला सगळा कागद सारखाच गं.”

या घरात येऊन मला तीस वर्षं झाली होती. त्या सही कन्नडात करतात हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. घरात सगळे मराठी बोलतात म्हणून त्यांना ते वाचताही येत असणार, असं मी धरून चालले होते. देवळातलं पुस्तक त्या उघडून धरायच्या, ते पाठ असायचं. त्यांनी ते कधी सांगितलं नाही. माझ्यासारखंच त्यांचंही काही गप्प राहून गेलं होतं.

माझ्या वह्या त्यानं परत येणार नव्हत्या. त्या दिवशी तागडीकडे बघून जे झालं, ते झालंच होतं. त्यांनीही क्षमा मागितली नाही आणि मीही केली असं म्हटलं नाही. त्या वर्षीची क्षमावाणी अजून दोन महिने लांब होती.

“पुढं वाच,” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पुस्तक संपलं. जाऊबाईंच्या नातीचं मत अजून तेच आहे. कड्यावरून पडणारा शेवटच भारी होता, म्हणते, आणि मैत्रिणींना तोच सांगते. अव्वांनी शेवट ऐकला, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि विचारलं, “म्हणजे तो तागडीवाला जिवंतच हाय?”

“हो.”

“मग आता काय करतोय तो?”

“ते दुसऱ्या भागात.”

“लिवलाईस?”

“अजून नाही, अव्वा.”

“लवकर लिव मग,” त्या म्हणाल्या आणि उशी सारखी करून आडव्या झाल्या.